अनूचा मिस कॉल तुझ्याकडे

ज्योती, तुझ्या दिवसांना आलेल्या प्रत्येक बाईनं मला दारातच विचारलं, "सायकलवरून पडली का हो?" जणू तू जायची ती सायकलवरूनच जाणार होतीस, फक्त वार ठरायचा बाकी होता. पहिल्या दोघींना मी नीट सांगितलं, की नाही हो, ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, हॉस्पिटलात नेलं, आठवड्याच्या आत संपलं. तिसरी म्हणाली, "तरी पण बाईमाणसानं हायवेला सायकल म्हणजे…" आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, घरात बसून मच्छर चावला तिला. तुम्ही घरातच बसता ना? मग सांभाळा." आमचे हे मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले.

लग्न होऊन माझी धाकटी जाऊ म्हणून या घरात आलीस त्याला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी चारचौघांत तुझी बाजू घेतली ती ही पहिल्यांदा, आणि नेमकी तूच नव्हतीस ऐकायला. असो.

माणूस गेलं की सगळे चांगलंच बोलतात. तुझ्याबद्दलही बोलले. कुणाच्या सासूला, कुणाच्या सुनेला, कुणाच्या पोराला तू कधी डबलसीट घेऊन दवाखान्यात नेलं होतंस. मी ऐकत होते. मला बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगते. मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा काय, अजून वाटतो. तुझ्या फोटोला हार घालून झाला तरी वाटतो.

आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे एकटी आलीस ती? आम्ही मीरा रोडला, तुम्ही हाटकेशला, रिक्षानं यायचं सोडून तू सायकलवरून आलीस. साडी गुडघ्याशी खोचलेली, कॅरियरला सुक्या बोंबलांची पिशवी. सगळी बिल्डिंग खिडकीत. वॉचमननं खालून इंटरकॉम केला, "मॅडम, कोई सायकलवाली आयी है, बोलती है आपकी देवरानी है." मला इतकी लाज वाटली की मी "हां, भेज दो" एवढंच म्हणाले. तू वर आलीस, घामानं चिंब, आणि म्हणालीस, "ताय, तुमच्या नाक्यावर खड्डा हाय मोठा. रात्रीचा कोन तरी पडंल." नवी नवरी, आणि पहिलं वाक्य खड्ड्याचं.

तू भाईंदर पश्चिमेच्या गावातली, मिठागराच्या बांधावर सायकल शिकलेली. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिखल, मध्ये हातभर वाट. तू सांगायचीस, तिथं शिकलेल्याला रस्त्याची भीती राहत नाही. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली, आम्हाला जिन्यावरून पळू द्यायचे नाहीत. हाटकेशच्या ज्या गाळ्यात भाऊजी सुपरवायझर होते तिथं तू पॅकिंगला होतीस, तिथंच तुमचं जमलं. मी रीतसर कांदेपोहे करून आलेली सून. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी तू आलीस आणि दोन वर्षांत घरातल्या कुणालाही कुठं जायचं असलं की विचारायचे तुला. कुठला रस्ता, किती वाजता, वाटेत काय मिळेल, काय बरोबर घ्यायचं. मला विचारायचे डब्याचं.

मला शिकवायचाही प्रयत्न केलास तू. बिल्डिंगच्या मागच्या मैदानात, संध्याकाळी, सगळ्या पोरांसमोर. मागून सीट धरून ओरडत होतीस, "ताय, चाकाकडं नको बघू, जायचंय तिकडं बघ!" मी चाकाकडंच बघत राहिले आणि गेटवर जाऊन आदळले. तू हसली नाहीस. हसली असतीस तर बरं झालं असतं. तू माझा कोपरा धुतलास, ओढणी फाडून पट्टी बांधलीस आणि म्हणालीस, उद्या परत. मी म्हटलं, मेली तुझी सायकल, उद्या काही नाही. माझी सहावीतली अनू गेटपाशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं लगेच विचारलं, "काकी, आईच्याऐवजी मी येऊ?"

झालं. तिथून माझी पोर गेली.

खोटं कशाला बोलू? नऊ महिने पोटात मी वाढवली, उलट्या मला झाल्या, तिच्या दहावीच्या वर्षी पहाटे दूध गरम करायला मी उठले. आणि आयत्या बिळावर नागोबा तू. तुम्हाला मूल झालं नाही म्हणून बायका तुझी कीव करायच्या. मला मनातून हसू यायचं. कीव करायची तर माझी करा की, पोर माझी आणि ओढ हिच्याकडे!

तू तिला काय काय शिकवायचीस ते मी खिडकीतून बघायचे. निघायच्या आधी सायकल वीतभर उचलायची आणि तशीच खाली सोडायची. खडखडलं तर काहीतरी ढिलं आहे, शोधायचं, आवळायचं, मगच बसायचं. ओढणी छातीवरून आडवी बांधायची, सलवारीच्या पायाला कपड्याचा चिमटा. गळ्यात शिट्टी, कुत्र्यांसाठी आणि माणसांसाठी पण. मडगार्डला मागून लाल चमकणारी पट्टी. खड्डा चुकवायला एकदम आडवं जायचं नाही, आधी मान वळवायची. आणि ट्रकच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही. "तुला त्याचा आरसा दिसत न्हाय ना, मग त्याला तू दिसत न्हायस." हे वाक्य मला झोपेतही पाठ आहे, कारण अनू ते घरात येऊन माझ्यावर फेकायची. मी रिक्षातून उतरून रस्ता ओलांडायला लागले की मला ओढून धरायची. "आई, ड्रायव्हरकडे बघ, गाडीकडे काय बघतेस!" माझ्या पोरीनं मला रस्ता ओलांडायला शिकवायचं, आणि तेही तुझ्या तोंडच्या वाक्यांनी.

पण या सगळ्यापेक्षा माझ्या नाकाला खऱ्या मिरच्या झोंबल्या त्या मिस कॉलवरून.

अनू कॉलेजात गेली तेव्हा ह्यांनी आपला जुना मोबाईल तिला दिला. नियम तू घालून दिलास. कुठं जायचं, कुठल्या रस्त्यानं जायचं ते सांगून निघायचं, आणि सांगितलेल्या रस्त्यानंच जायचं. पोचलं की घरी मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे उशीर होतोय, काळजी नको. वाजतच राहिली तर उचला, काहीतरी झालंय. सगळ्या मीरा रोडमध्ये हेच चालतं, बॅलन्स जपतात लोक. साधी गोष्ट. पण मला जमेना. रिंग वाजली रे वाजली की माझा हात रिसीव्हरवर. "हॅलो? अनू? काय झालं? कुठं आहेस?"

"आई! पोचले! उचलू नको म्हटलंय ना, बॅलन्स गेला!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी ठरवून लांब उभी राहिले, पोळ्या लाटत, आणि रिंग वाजल्यावर लाटणं घेऊन धावले. एका रिंगवर थांबेल की वाजत राहील हे कळायला एक रिंग तरी जाऊ द्यावी लागते ना? तेवढा वेळ मला धीर कुठला! तो तेवढासा वेळ माझ्या डोळ्यांपुढं हायवेचे सगळे ट्रक येऊन उभे राहायचे.

मग अनूनं परस्पर ठरवलं. "मी काकीला देते मिस कॉल. काकी उचलत नाही. ती तुला सांगेल." आणि तू खरंच सांगायचीस. आमचा फोन वाजायचा, मी झडप घालायचे, आणि तुझा आवाज, "ताय, पोचली." माझी मुलगी सुखरूप आहे हे मला तुझ्याकडून कळायचं. मी "बरं" म्हणून ठेवायचे. कधी "थँक यू" म्हटलं नाही, आणि तू ते मागितलंही नाहीस. हेही मला खुपायचं. मागितलं असतंस तर भांडता आलं असतं.

एकदा तर कहर झाला. अनूची सायकल काशीमिऱ्याच्या पुढं पंक्चर झाली. तिनं तुला दोन रिंग दिल्या, रस्त्याच्या कडेला आत सरकून, तू दिलेल्या डबीतलं सोल्यूशन आणि ठिगळ काढून, स्वतःच पंक्चर काढलं. तू हाटकेशला घड्याळ बघत बसलीस, गेली नाहीस. तिला येतंय ते तिला करू दे, म्हणून. संध्याकाळी पोर घरी आली, हात काळेकुट्ट, तोंड आनंदानं फुललेलं. "आई, मी काढलं पंक्चर!" कधी, कुठं, कसं, मी विचारत सुटले. "अगं काकीला माहितीये सगळं." माझी मुलगी हायवेला अडकली होती तेव्हा मी गवार मोडत होते, ज्योती. तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांना वाटलं पित्त झालं.

आणि मग घोडबंदर.

तुम्ही दोघी रविवारी सकाळी कितीदा गेला असाल घोडबंदरला. ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत जायचं, किल्ल्याखाली बसून डब्यातले पोहे खायचे, खाडी बघायची आणि परत. मला अनेकदा म्हणालीस, ताय, तुम्ही पण या, बसनं या, तिथं भेटू. मी आले नाही. मला माझ्याच मुलीकडे पाहुणी म्हणून जायचं नव्हतं. अकरावीची परीक्षा संपली आणि अनू म्हणाली, मला एकटीनं जायचंय. मी नाही म्हटलं. ती तुझ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी तू माझ्या ओट्यापाशी उभी.

"ताय, ती तयार हाय."

"हे तू कोण ठरवणार?"

"मी न्हाय ठरवत. मी मागनं बघत आलेय तिला. मागं बघितल्याबिगर हात करत न्हाय, घाई करत न्हाय, दमली की थांबते. माझ्यापेक्षा बरी चालवते."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काय पण होतं, ताय. भिऊन कोन वाचत न्हाय. तयारीनं वाचतं."

"भीती असते म्हणून माणूस तयारी करतो! तुला नसेल भीती, मला आहे. पोर माझी आहे, ज्योती."

तू म्हणालीस, "ठाव हाय मला. म्हनून तर विचारायला आले. माझी असती तर विचारलं नसतं."

मला ते इतकं लागलं! तू सरळ बोलली होतीस, हे आता कळतंय. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की तुझी असती तर ती केव्हाच गेली असती, वाऱ्यासारखी, आणि माझी आहे म्हणून इथं कोंडून पडलीय. मी म्हटलं, विचारलंस ना? नाही म्हणते मी. चहाही न घेता गेलीस.

त्यानंतर तुझा फोन नाही. मला वाटलं, बसली असेल गाल फुगवून. मी पण बसले. मनात उत्तरं जुळवत होते. भिऊन कोण वाचत नाही काय? तुला एक-एक उदाहरण देते बघ. असं छान भांडण तयार करून ठेवलं होतं मी, आणि भाऊजींचा फोन आला की ज्योतीला ॲडमिट केलंय.

हॉस्पिटलात तुझ्या पायाशी स्टुलावर बसले तरी ते भांडण माझ्या पोटात होतंच. तू बरी झालीस की काढणार होते. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस. मला वाटलं आता अनूचा विषय काढणार. तू म्हणालीस, "ताय, इथला चहा म्हंजे नुसतं साखरेचं पानी हाय गो." मी म्हटलं, उद्या आणते माझ्या हातचा, आलं घालून. आणला. थर्मास भरून आणला. तोवर तुला काही घोटवत नव्हतं. थर्मास तसाच घरी नेला, आणि मोरीत ओतताना मी तुझ्यावर चिडले. भांडण अर्धं टाकून असं कुणी जातं का?

अनू रडली नाही. हॉस्पिटलात नाही, स्मशानातून सगळे परत आले तेव्हा नाही. भाऊजी ढसाढसा रडले, हे रडले, मी रडले. ती खाली पार्किंगमध्ये जाऊन सायकल पुसत बसली. चेनला तेल दिलं, पुसलं, परत दिलं. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तर म्हणाली, "आई, प्लीज." मी हात काढून घेतला. मला तिला कुशीत घ्यायचं होतं आणि तिला कुशीत शिरायचं होतं ते तुझ्या. तू तर नव्हतीस. आता तरी माझ्याकडे येईल, असं मला वाटलं होतं. दहा दिवस झाले, तेरावं झालं, आली नाही. जिवंत असताना तुझ्याशी निदान झगडता यायचं. मेलेल्या माणसाशी कशी बरोबरी करणार?

परवा रविवारी सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली. ओढणी आडवी, गळ्यात शिट्टी.

"मी घोडबंदरला जातेय. एकटी. हायवेनं जाणार, हायवेनंच येणार."

तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात "नाही" तयार होतं, अगदी जिभेवर. पण माझ्या पोरीचा चेहरा असा होता की अडवलं असतं तर ती थांबली असती आणि मग जन्मभर माझ्याशी बोलली नसती. मी आत गेले, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी भरलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं खाली जाऊन सायकल उचलली आणि सोडली. मी वरून कान देऊन ऐकलं. काही खडखडलं नाही. वॉचमन म्हणाला, "बेबी, आज अकेले?" ती मान हलवून गेटबाहेर गेली.

मग मी आणि फोन. मिस कॉल कुणाला देणार, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तुझा मोबाईल भाऊजींनी चालूच ठेवलाय, तुझ्या उशीपाशी. मला राहवेना. त्यांना फोन लावला, "भाऊजी, तिच्या मोबाईलवर काही आलं का?" ते म्हणाले, "नाही वहिनी. का?" मी घाईघाईनं ठेवला, कारण माझ्याच बोलण्यानं लाईन अडली असती. तुझ्याकडे आला नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून अंगावर काटा आला. कुठंच आला नाही म्हणजे पोर आहे कुठं? पण तुझ्याकडे आला नव्हता. जळकेपणाला काही ताळतंत्र असतं का, ज्योती? हे म्हणाले, अगं बस जरा. मी बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ठरवलं, आज उचलायचा नाही. एक रिंग होऊन थांबेल, थांबू द्यायची. आज तुझ्यासारखं वागायचं.

रिंग वाजली. मी दात-ओठ आवळून बसले. थांबली नाही. दुसरी वाजली. उशीर होतोय, उशीरच होतोय, काळजी नको. थांबली नाही. तिसऱ्या रिंगला मी काय उचललं, कसं उचललं, आठवत नाही.

"अनू?"

"आई, उचलत का नाहीस? एरवी तर पहिल्या रिंगला उचलतेस!"

"काय झालं? लागलं का? कुठं आहेस?"

"काही नाही झालं. पोचले. किल्ल्याखाली आहे." मग मागं नुसता ट्रकांचा आवाज. मग म्हणाली, "काकीचा नंबर काढला होता गं मी. लावायला घेतला आणि…" आणि रडायला लागली. तेराव्यानंतरही आत कोंडून ठेवलेलं सगळं, भर हायवेशी उभी राहून, माझ्या कानात. "काकी नाहीये ना, आई." मी म्हटलं, "नाही गं बाळा. नाहीये."

ती तुझ्यासाठी रडत होती. माझ्या फोनवर, मला सांगून, पण तुझ्यासाठी. मी ऐकत होते, माझेही डोळे वाहत होते आणि तेवढ्यातही मनात आलं की मी गेल्यावर ही अशी रडेल का. आलं मनात, काय करू? तू अशी पोर केलीस माझी की ती एकटी घोडबंदरला पोचली, सुखरूप पोचली, ट्रकच्या डाव्या अंगाला गेली नाही. हे मी करू शकले नसते. तुझे उपकार आहेत, ज्योती, आणि हे उपकार मला टोचतात.

बोलता बोलता फोन तुटला. तिचा बॅलन्स संपला असणार. मी तिचा नंबर फिरवला. पलीकडे एक रिंग नीट वाजलीही नाही, अर्ध्यावरच तिनं उचलला आणि ओरडली, "आई?"

ही खोड तिला तू लावलेली नाहीस. ही माझी आहे.